सायकलची चेन मेणात का बुडवायची आणि कशी

नाशिकला सोमेश्वरच्या पुढे, गंगापूर धरणाच्या रस्त्याला सकाळी साडेसहाला मुरमाचा एखादा डंपर पुढे निघून गेला की मिनिटभर समोरचं काही दिसत नाही. धूळ तोंडात जाते, चष्म्यावर बसते आणि चेनवरही बसते. राईड संपवून, मिसळ खाऊन घरी आलात की चेनवरून एकदा बोट फिरवून बघा. बोटाला जो काळा, चिकट लेप लागतो तो दोन बोटांत चोळा. कचकच लागेल. ही कचकच म्हणजे दगडाची पूड आहे. आपल्याकडचा दगड काळा बसाल्ट, घणानेही सहज न फुटणारा. त्याची पूड तेलात कालवली की झाली पॉलिशची पेस्ट. ती आपणच, दर आठवड्याला मोठ्या मायेने तेल सोडून, चेनच्या आत पोचवत असतो.

मी चार वर्षांपासून चेनला तेल लावत नाही, मेण लावते. सायकल ग्रुपमध्ये कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतं की हे नक्की काय प्रकरण आहे. त्या सगळ्यांसाठी एकदा सविस्तर लिहिते आहे. आधीच सांगते, यात मेणापेक्षा सफाई महत्त्वाची आहे. सफाई एकदा मनापासून केली की पुढचं काम सोपं होत जातं. तिच्यात कसूर राहिली तर जगातलं सगळ्यात महाग मेणही उपयोगाचं नाही.

चेन आतून कशी असते ते बघू. एक कडी डोळ्याजवळ धरा. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन आणि पिनेभोवती फिरणारा छोटा रोलर. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये अशा चेनचं पेटंट घेतलं. तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. आपल्याला दिसतो तो पट्ट्यांचा बाहेरचा भाग. खरी घासाघीस होते ती न दिसणाऱ्या जागी, पिन आणि तिला धरून असलेली आतली पट्टी यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत.

थोडा हिशोब करू. पुढे ५० दात्यांची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, आहे आणि तुम्ही मिनिटाला ८० पेडल मारताय, म्हणजे मिनिटाला ४,००० कड्या पुढे सरकतात. चेनमध्ये ११६ कड्या असतील तर प्रत्येक कडी मिनिटात साधारण ३४ फेऱ्या मारते. गिअरच्या सायकलवर एका फेरीत ती आठ वेळा वळते: चेनरिंगवर चढताना आणि उतरताना, मागच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या दातेरी चकत्यांवर तसंच, आणि चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरच्या दोन छोट्या चाकांवर. तासाभराचा गुणाकार केला तर एकेक पिन सोळा हजारांहून जास्त वेळा आपल्या जागेत फिरते. त्या फटीत मेण असेल की दगडाची पूड, यावर चेन किती दिवस टिकणार ते ठरतं.

चेन लांबते असं आपण सरसकट म्हणतो. पण लोखंड ताणून लांब झालेलं नसतं. प्रत्येक पिन आणि तिची बैठक थोडीथोडी झिजते, शंभरावर सांध्यांची झीज एकत्र होते आणि चेन लांब भरते. हे मोजायला महागडं अवजार नको, शाळेची स्टीलची फूटपट्टी पुरते. चेन सायकलवरच ताणून धरा, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि चोविसावी पिन बघा. नव्या चेनमध्ये ती बरोबर १२ इंचांवर येते. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर ११ किंवा १२ गिअरच्या चेनचं आयुष्य संपलं. ८ ते १० गिअरच्या चेनला सव्वादोन मिलिमीटरपर्यंत चालतं. त्यापुढे ताणलंत तर झिजलेली चेन कॅसेटचे दातेही आपल्या मापाने झिजवते. मग नवी चेन जुन्या कॅसेटवर घसरते आणि खर्च तिप्पट होतो.

हा खर्च मी भरलेला आहे. पंढरपूरच्या सायकल वारीला पहिल्यांदा निघायच्या आदल्या आठवड्यात एका दुकानात सायकल सर्व्हिसिंगला दिली होती. परत आली तेव्हा चेन ग्रीसने नुसती चमकत होती. "ताई, आता वर्षभर बघायला नको," असं सांगितलं गेलं आणि मीही खूश झाले. सिन्नरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, वरून भुरभुर पाऊस. पहिल्या मुक्कामाला चेन काळ्या शेणासारखी लिंपलेली होती. वारीहून परतल्यावर मोजली तर पट्टीवर जवळजवळ तीन मिलिमीटरचा फरक. जेमतेम दोन हजार किलोमीटर झालेली चेन, आणि तिच्यापायी कॅसेटही बदलावी लागली. त्या दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. ओली, चमकणारी चेन म्हणजे निगा राखलेली चेन, अशी आपल्या सगळ्यांचीच समजूत आहे. ती समजूत मोडावी म्हणून तर हे लिहिते आहे.

आता मेण का, ते. पॅराफिन मेण साध्या तापमानाला घट्ट आणि कोरडं असतं. वितळलं की पाण्यासारखं पातळ होऊन त्या बारीक फटीत शिरतं आणि थंड झालं की तिथेच गोठून बसतं. पिन फिरताना मेणाचा गुळगुळीत थर मध्ये असतो. बाहेरून आलेली धूळ कोरड्या मेणाला चिकटत नाही, उडून जाते किंवा मेणाच्या पापुद्र्याबरोबर गळून पडते. तेलाचं उलटं. ते ओलं राहतं, धूळ धरतं आणि धरलेली धूळ आत घेऊन जातं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर या प्राध्यापकाने १९९९ मध्ये चेनची कार्यक्षमता मोजली होती. चांगल्या स्थितीत पायाच्या ताकदीतली ९८.६ टक्क्यांपर्यंत ताकद चेन मागच्या चाकाला पोचवते, असं त्यात दिसलं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ हवेत वंगण कोणतं, किंवा आहे की नाही, याने फारसा फरक पडला नाही. त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ असा की वंगणाचं मोठं काम जागा अडवून ठेवण्याचं, म्हणजे आत घाण शिरू नये याचं असावं. प्रयोगशाळेत धूळ नव्हती, आपल्याकडे आहे. म्हणून मी वंगण निवडताना पहिला प्रश्न विचारते: हे धूळ धरतं का?

बर्फावरचे लोक हे फार आधीपासून जाणतात. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये सपाट बर्फावर मैलोन्‌मैल जायच्या, पायाला बांधायच्या लांबट स्की असतात. त्यांचा तळ पॉलिथिनचा. तो साफ करतात, मेण लावून खास इस्त्रीने तळात जिरवतात, थंड होऊ देतात, वर उरलेलं सगळं पट्टीने खरवडून काढतात आणि ब्रश मारतात. नवख्या माणसाला वाटतं, एवढं लावलं ते खरवडायचं कशाला? पण काम करतं ते आत जिरलेलं मेण. वर राहिलेला जाड थर नुसता अडथळा. तळ मळला असेल तर मऊ मेण गरम लावून ते गरम असतानाच खरवडतात, म्हणजे मळ मेणाबरोबर निघून येतो. पारंपरिक पद्धतीच्या स्कीला तर दोन प्रकारचं मेण लागतं. टोकांना घसरण्यासाठी, आणि पायाखालच्या भागाला बर्फ धरण्यासाठी, नाहीतर पाय मागे रेटताच स्की मागे सरकेल. शर्यतीत वर्षानुवर्षं फ्लोरीनवालं मेण चालायचं. ते माणसाच्या शरीराला आणि मातीला घातक म्हणून आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने २०२३-२४ च्या हंगामापासून त्यावर पूर्ण बंदी घातली. चेनच्या मेणातही टेफ्लॉनची पूड घालायचे सल्ले मिळतात. टेफ्लॉन त्याच कुळातलं. मी ते घरात आणत नाही, साध्या पॅराफिनवर माझं उत्तम भागतं.

साफ करा, गरम करा, जिरू द्या, थंड करा, वरचं काढा. स्की असो की चेन, क्रम हाच.

सुरुवात शक्यतो नव्या चेनवर करा. जुन्या चेनच्या फटींमधली पूड पूर्ण निघता निघत नाही. नवी चेन दिसायला स्वच्छ असली तरी कारखान्यातून येताना तिच्यावर गंज लागू नये म्हणून चिकट ग्रीस असतं. ते पूर्ण काढायचं, कारण ग्रीस असलेल्या लोखंडाला मेण धरत नाही. रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं, पेंटर लोक ऑइलपेंटमध्ये घालतात तेच. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या, चेन आत टाका, बुडेल एवढं टर्पेंटाइन ओता, झाकण लावून दोन मिनिटं खळखळून हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. पहिलं पाणी चहासारखं होतं. दुसरं फिकट. तिसऱ्यांदा जवळजवळ पारदर्शक राहिलं की झालं, नाहीतर चौथी खेप करा. पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ घरातल्या एखाद्या ठिणगीने पेटते. टर्पेंटाइनही गच्चीवर किंवा बाल्कनीतच हाताळा.

पण टर्पेंटाइनचाही एक तेलकट पापुद्रा मागे राहतो. तो काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चेन दोनदा अशीच हलवून काढायची. हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि मग "मेण दोन दिवसांत उडालं" म्हणून तक्रार करतात. चेन वाळली की पांढऱ्या सुती कापडातून ओढून बघा. कापडावर डाग नको. आणि आवाज ऐका. ग्रीस असलेली चेन मुकी असते, स्वच्छ चेन हातात धरून हलवली की बांगड्यांसारखी किणकिणते. त्याच दिवशी कॅसेट, चेनरिंग आणि डिरेलरची चाकंही टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तिथलं जुनं तेल नव्या चेनवर चढेल.

उरलेलं काळं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. नाशिकच्या मोरीतलं पाणी शेवटी कुठे जातं हे गोदाकाठी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. बाटलीत आठवडाभर ठेवलं की गाळ तळाशी बसतो. वरचं नितळ ओतून घेऊन पुढच्या वेळी पहिल्या खेपेला वापरता येतं.

मेण कोणतं? मेणबत्तीचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे रिफाइंड पॅराफिनच्या लाद्या मिळतात. त्यावर ५८-६० असा आकडा असतो, तो वितळण्याचा अंश सेल्सिअस. अर्धा किलो पुष्कळ झालं. तयार मेणबत्त्या वितळवू नका, त्यात रंग, सुगंध आणि बरेचदा स्टिअरिक ॲसिड असतं. मधमाशीचं मेण तर नकोच, ते चिकट असतं आणि धुळीच्या बाबतीत तेलाचाच भाऊ.

मेण वितळवताना मात्र गंमत करू नका. थेट गॅसवर भांडं ठेवायचं नाही, कधीच नाही. मेण दोनशे अंशांच्या आसपास गेलं की त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं तर आगीचा लोळ उठतो. सोपा, सुरक्षित मार्ग म्हणजे पातेल्यात पाणी आणि त्यात दुसरं भांडं. पाणी आपल्या उंचीवर ९८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे मेण त्याच्या वर जाऊच शकत नाही. माझ्या सासूबाईंनी मला एक पोचे आलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं काढून दिलं आणि वर बजावलं, "हे आता स्वयंपाकाला परत यायचं नाही." बरोबरच आहे, त्या भांड्यावर मी तेलरंगाने खूण करून ठेवली आहे.

मेण पूर्ण पातळ झालं, नव्वद अंशांच्या जवळ आलं, की चेन तारेच्या आकड्यात अडकवून हळूच सोडा. चेन कोरडीठाक हवी, पाण्याचा थेंबही राहिला तर मेण तडतडून अंगावर उडू शकतं. आता दोन मिनिटं नुसतं बघत बसा. थंड चेन आत गेल्यामुळे तिच्याभोवती मेण आधी पांढरं गोठतं. मग चेन तापते, पांढरेपणा विरघळतो आणि कड्याकड्यांमधून बारीक बुडबुडे वर यायला लागतात, मोत्यांच्या सरीसारखे. तो फटींमधला हवेचा श्वास असतो. हवा बाहेर येते आणि तिच्या जागी मेण शिरतं. तार धरून चेन वरखाली हलवली की आणखी बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत, म्हणजे दहा मिनिटं, हलवत राहायचं.

मग गॅस बंद करा, पण चेन लगेच बाहेर काढू नका. मेण खूप गरम असताना काढली तर ते पातळ असल्याने आतूनही गळून जातं. थांबा. कडेने मेणावर पापुद्रा येतो, दुधावर साय धरते तसा. त्या क्षणी चेन उचला, निथळू द्या आणि टांगून ठेवा. खाली वर्तमानपत्र अंथरायला विसरू नका.

अर्ध्या तासात चेन काठीसारखी ताठ होते. घाबरू नका. एखाद्या गोल दांड्यावरून, लाटण्यावरूनही चालेल, दोन्ही बाजूंनी वळवून ओढली की कडकड आवाज करत एकेक सांधा मोकळा होतो आणि वरचं मेण पापडाच्या चुऱ्यासारखं गळतं. कडी न कडी मोकळी झाल्याची खात्री करा, एखादा सांधा ताठ राहिला तर गिअर उडी मारतो. क्विक लिंक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडायची-सोडवायची कडी, लावताना पाकिटावरची सूचना वाचा. काही एकदाच वापरायच्या असतात, काही पुनःपुन्हा. चेनला उलटी-सुलटी बाजू असेल तर तीही बघा. पहिले पाचदहा किलोमीटर चेन जरा जड वाटते, पांढरे कण गळतात. त्यानंतर ती इतकी शांत होते की टायरचा आवाज ऐकू येतो.

आता वेळेची गोष्ट, कारण "एवढं कोण करणार" हा प्रश्न येतोच. पहिल्या वेळेला रविवारची सकाळ जाते, हे कबूल. पण टर्पेंटाइनचा सगळा खटाटोप त्या चेनच्या आयुष्यात एकदाच. पुढच्या वेळी चेन काढायची, किटलीतलं उकळतं पाणी तिच्यावर ओतायचं, जुनं मेण धुळीसकट तरंगून वर येतं, चेन कापडाने पुसून उन्हात वाळवायची आणि पुन्हा मेणात सोडायची. हाताने करायचं काम पंधरा मिनिटांचं. ते पाणी मात्र बादलीत थंड होऊ द्या आणि वर जमलेली मेणाची चकती काढून टाका, मोरीत ओतलंत तर पाईप तुंबेल.

कोरड्या दिवसांत मी साधारण तीनशे किलोमीटरला एकदा मेण करते. मेण संपत आलं की चेन सांगते, कोरडी चिवचिव सुरू होते. तेवढ्या वेळी लगेच करा, चिवचिवाटावर शंभर किलोमीटर काढू नका. भांड्यातलं मेण थंड झाल्यावर लादी बाहेर काढून उलटी केली की बुडाला काळा थर दिसतो. तो सुरीने तासून टाका, वरचं मेण परत वापरा. लादी आरपार राखाडी दिसायला लागली की बदला.

पावसाळ्यात मेणाची मर्यादा कळते. तेल पाणी जितकं दूर ठेवतं तितकं मेण ठेवत नाही. नाशिक शहरात तरी ठीक, पण त्र्यंबक, पहिने किंवा इगतपुरीकडे गेलात, जिथे शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, तर एका राईडमध्ये मेण धुऊन निघतं आणि रात्रभर ओली ठेवली तर सकाळी पट्ट्यांवर तांबूस गंज दिसतो. घरी आल्याबरोबर चेन पुसा, जमलं तर त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुऊन मेण करा. वारीसारखी तीनसाडेतीनशे किलोमीटरची, आषाढाच्या तोंडावरची मजल असेल तर सोबत चेनसाठी बाटलीत मिळणारं पातळ मेण ठेवा. मुक्कामाला चेन पुसून रात्री थेंब सोडायचे, म्हणजे सकाळपर्यंत वाळतं. निघायच्या पाच मिनिटं आधी सोडलेलं मेण ओलंच राहतं आणि धूळ धरतं.

सगळ्यांनी हे करावं असं माझं म्हणणं नाही. चेनकव्हर असलेली, दूध आणायला, क्लासला जायला वापरायची सायकल असेल तर महिन्यातून एकदा तेलाचे थेंब आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणं, एवढं भरपूर झालं. त्यातलं पुसणं विसरू नका. पण आठवड्याला शंभरावर किलोमीटर होत असतील, गिअरची सायकल असेल, तर मेणाचा विचार नक्की करा. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही चार हजार आठशे किलोमीटरच्या आसपासची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यानंतर आपल्या गावात पहाटे रस्त्यावर दिसणाऱ्या सायकली वाढल्या. सायकली वाढल्या, तसं त्यांच्या निगेचं ज्ञानही वाढायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

शेवटची एक सवय, जिने माझा सगळ्यात जास्त वेळ वाचवला. एकाच वेळी दोन चेन घ्या, दोन्ही एकदमच साफ करा, एकदमच मेणात सोडा. एक सायकलवर, दुसरी बाल्कनीतल्या खिळ्याला. चिवचिव सुरू झाली की उतरवा, दुसरी चढवा, पाच मिनिटांत राईडला निघा. उतरवलेली तिथेच टांगा. दोन्ही वापरून झाल्या की मगच पातेलं बाहेर काढा.